नवसाचे कार्ड

"सदर तीनही व्यवहार कार्डधारकाने स्वतः उपस्थित राहून, मूळ कार्ड सादर करून व गुप्त क्रमांक अचूक नोंदवून केलेले असल्याने आपली तक्रार अग्राह्य ठरते."

हे वाक्य माझ्या बँकेचे आहे. माझे आयुष्य बनावट दानपत्रे तपासण्यात गेले. मध्ययुगातल्या मठांनी शेजाऱ्यांच्या जमिनी लाटण्यासाठी मेलेल्या सम्राटांच्या सह्या घडवल्या. त्या कागदांवर मी तीन ग्रंथ लिहिले असून ते कोणीही वाचलेले नाहीत. परंतु त्या भामट्या साधूंना निदान एवढी अक्कल होती, की मेलेल्या माणसाची सही करताना तो जिवंत असतानाची तारीख घालावी. बँकेकडून मी तेवढीही अपेक्षा ठेवत नाही.

वाक्य नीट पाहावे. "मूळ कार्ड सादर करून": मूळ कार्ड त्या काळात आमच्या गल्लीच्या टोकाला, संत एलेफ्थेरिओस यांच्या छोट्या चर्चमध्ये, संताच्या तसबिरीवरच्या काचेआड, निळ्या फितीने लटकलेले होते. त्याच्या एका बाजूला कोणाच्या तरी बऱ्या झालेल्या गुडघ्याबद्दल वाहिलेला चांदीचा पाय होता आणि दुसऱ्या बाजूला चांदीचा डोळा. "स्वतः उपस्थित राहून": पहिल्या व्यवहाराच्या वेळी मी महाविद्यालयात चार विद्यार्थ्यांना शिकवत होतो. त्यांतले दोघे जागे होते आणि साक्ष द्यायला तयार आहेत. गुप्त क्रमांकाविषयी पुढे येईलच, नाइलाजाने. राहता राहिले, खरेदी काय झाले ते; त्याविषयी बँक मौन पाळते. तीन व्यवहार मिळून जे सामान घेतले गेले, ते एका मृत माणसाच्या वर्षश्राद्धाला लागणारे होते. आणि तो मृत माणूस, छापील पुराव्यानुसार, मी होतो.

मला पुस्तकांचे व्यसन होते असे म्हटले की लोक कौतुकाने पाहतात, म्हणून खरे ते सांगतो. व्यसन हप्त्यांचे होते. "बारा बिनव्याजी हप्ते" हे तीन शब्द वाचले की माझ्यातला संशयी पंडित झोपी जाई आणि एक लहान मूल जागे होई. सतराव्या शतकातला एक शब्दकोश मी असा घेतला. त्याला दमट हवा सोसेना म्हणून हवा कोरडी करणारे यंत्र घेतले. ते यंत्र काम करते की नाही हे कळावे म्हणून ओलावा मोजणारे यंत्र घेतले. त्या यंत्राने सांगितले, की हे घर ग्रंथांना उत्तम असून मनुष्यवस्तीस अयोग्य आहे. माझी बायको पोलिक्सेनी त्या आठवड्यापासून खोकत होती.

शेजारी सल्ले घेऊन आले. आमच्या गावात, म्हणजे ग्रीसमधल्या कावालात, माणूस शिंकला तर तीन मजल्यांवरून औषध सांगितले जाते. कर्ज तर सार्वजनिक मालमत्ताच. तळमजल्यावरचा औषधवाला पांदेलिस म्हणाला, "मास्तर, कार्ड पाण्यात घाला आणि बर्फ करा. बर्फ वितळेपर्यंत हौस वितळते." मी तसे केले. तिसऱ्या दिवशी एका लिलावाची यादी आली आणि पोलिक्सेनीने मला फ्रीजसमोर उकिडवा बसून तिच्या केस वाळवायच्या यंत्राने बर्फाच्या ढेपेवर वारा घालताना पकडले. प्रतिष्ठा नावाची वस्तू एकदा त्या आसनात सापडली की पुन्हा सरळ उभी राहत नाही.

"बर्फाचं काय सांगता मास्तर," आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या स्तामातियाबाई म्हणाल्या. "बर्फाला लाज नसते. संताला असते." या बाई विधवा, चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, किल्ल्या सगळे त्यांच्याकडे. "एलेफ्थेरिओस सोडवणारा आहे. अडलेल्या बाईला सोडवतो, तुम्हाला नाही सोडवणार? द्या त्याच्याकडे. वाहून टाका."

मी त्यांना शांतपणे समजावले, की 'एलेफ्थेरिओस' म्हणजे मुक्त, अशा नावाच्या अर्थावरून संतांना खाती वाटून देणे ही लोकसमजूत असून तिला एकही जुना आधार नाही. त्या म्हणाल्या, "बरं. मग परवा सकाळी या, मी काच पुसून ठेवते."

पोलिक्सेनी निवृत्त रसायनशिक्षिका. तिचा संतांवर विश्वास नाही, पृथक्करणावर आहे. तरी ती आली. फादर ग्रिगोरिस यांच्या देखत, स्तामातियाबाई हातात फडके घेऊन उभ्या असताना, मी ते कार्ड फितीला बांधले आणि मला सांगितले तसे मोठ्याने म्हणालो, "हे तुझं. आजपासून माझा यावर काही हक्क नाही." बाहेर आल्यावर पोलिक्सेनी म्हणाली, "लेआंद्रो, मी आता भांडणार नाही, भांडून दमले. डिसेंबरात संताचा सण आहे. तोवर त्या कार्डावर काही चढलं, तर मी व्होलोसला ताईकडे जाणार. आणि काचेला हात लावलास तरी गेले. उरलेलं न्यायला परत येणार नाही, सगळं एकदमच नेईन." घरी जाऊन तिने माळ्यावरची बॅग काढली आणि दाराशी उघडी, रिकामी ठेवली.

चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेली ही पहिली धमकी होती, आणि ती धमकी नव्हती. पोकळ बोलणे तिला येत नाही.

काही आठवडे शांततेत गेले. नोव्हेंबर लागला, समुद्रावरून धुके चढू लागले. एका दुपारी वर्ग संपवून बाहेर आलो तर दोघांच्याही फोनवर एकदमच संदेश आला होता. पोलिक्सेनीने तशी सोय करून घेतलेली होती. बंदरावरच्या मिठाईवाल्याकडे माझ्या कार्डाने खरेदी झाली होती.

मी थेट चर्चमध्ये गेलो. आत कोणी नव्हते. काचेआड चांदीचे पाय, हात, डोळे, एक चांदीचे तान्हे मूल, सगळे निश्चल लटकत होते. कार्डही जागेवर होते. फक्त ते हलत होते. अगदी हळू, इकडून तिकडे, जणू कोणीतरी आत्ताच सोडले असावे. काचेच्या फटीतून दालचिनीचा वास येत होता.

मी नास्तिक आहे. नास्तिक माणसाने अशा वेळी काय करावे याविषयी आमच्या वाङ्मयात मार्गदर्शन नाही. मी खोकलो. कार्ड थांबले.

घरी बॅगेत पोलिक्सेनीचा हिवाळी कोट दिसत होता. "एका प्रयोगावरून मी निष्कर्ष काढत नाही," ती म्हणाली. "पण तयारीला लागते."

मी बँकेला फोन केला. त्या संभाषणाची नोंद मी तत्काळ केली.

"कार्ड आपल्या ताब्यात आहे का, सर?"

"नाही."

"म्हणजे हरवलंय?"

"नाही. कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

"कोणाच्या ताब्यात आहे?"

"संत एलेफ्थेरिओस यांच्या."

कळफलकाचा आवाज. "आडनाव?"

"आडनाव नाही. ते दुसऱ्या शतकात वारले."

"म्हणजे कार्ड वापरणारी व्यक्ती मयत आहे का?"

"हुतात्मा आहे."

"करदाता क्रमांक असल्याशिवाय तिसऱ्या व्यक्तीची नोंद घेता येत नाही, सर. आपण स्वतः त्यांना कार्ड दिलंत का?"

"नवस म्हणून."

"म्हणजे स्वखुशीनं," ती मुलगी म्हणाली, आणि मला प्रथमच वाटले की पलीकडे कोणीतरी विचार करते आहे. "मग हे चोरीत बसत नाही. कार्ड थांबवायचं असेल तर ते हातात घेऊन मागचे तीन अंक वाचून दाखवा. कायमचं बंद करायचं असेल तर उरलेले सगळे हप्ते एकरकमी भरा. आणखी काही मदत करू?"

काचेला हात लावला तर बायको जाणार. नाही लावला तर पैसे जाणार, आणि मागोमाग बायको.

दुसरी खरेदी एका छापखान्यात झाली, तिसरी चर्चच्या मागच्या सभागृहात, जिथे मयताच्या विधीनंतर लोकांना कॉफी, ब्रँडीचा पेला आणि कडक बिस्कीट देतात. दोन्ही वेळा मी धावत गेलो, दोन्ही वेळा कार्ड जागेवर होते. दुसऱ्यांदा फितीची गाठ माझ्या गाठीसारखी नव्हती. मी शूर माणूस नाही. गाठ निरखायला मी थांबलो नाही. बॅगेत बूट आले, मग आईचा फोटो आला. उरला होता तो सण आणि पोलिक्सेनीचा दात घासायचा ब्रश.

गल्लीने मात्र निष्कर्ष काढला होता. "मिठाईवाला, छापखाना, कॉफी," पांदेलिस गोळ्या मोजता मोजता म्हणाला. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, पण संत कोणाची तरी तयारी करतोय. तुमचं ब्लडप्रेशर घ्यायचं का?"

"माझी प्रकृती उत्तम आहे."

"तसंच असतं. अगदी शेवटपर्यंत उत्तम असते."

पावाच्या दुकानात रांगेतल्या बायका बाजूला होऊन मला पुढे जागा देऊ लागल्या. मी तो शिष्टाचार समजून स्वीकारला. मग एके सकाळी, दाट धुक्यात, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी दोघीजणी छातीवर क्रूसाची खूण करताना दिसल्या. मला पाहून एक किंचाळली, दुसरीने तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि दोघी धुक्यात दिसेनाशा झाल्या. खांबावर काळ्या कडेची पत्रिका चिकटवलेली होती, अजून ओली:

"आमचे लाडके लेआंद्रोस वामवाकास यांचे तिसरे वर्षश्राद्ध येत्या रविवारी संत एलेफ्थेरिओस यांच्या चर्चमध्ये होईल. त्यांची आठवण ठेवणाऱ्या सर्वांनी यावे."

मी ती पत्रिका सवयीने तपासली. कागद खरा, शाई खरी, नाव बिनचूक. मृत्यूची पत्रिका असती तर मी हसलो असतो. पण हे तिसरे वर्षश्राद्ध होते. मला जाऊन तीन वर्षे झाली होती आणि मला कोणी सांगितले नव्हते.

माणूस एकदा असे वाचतो, की मग त्याला पुरावे दिसू लागतात. त्या दिवशी कॉफीच्या दुकानात पोऱ्याने माझ्याकडे पाहिले नाही. पण तो कोणाकडेच पाहत नाही. वर्गात मी अर्धा तास बोललो, कोणी मान वर केली नाही, तेही नेहमीचेच. बँकेच्या शाखेचे काचेचे दार माणूस समोर आला की आपोआप उघडते. मी समोर उभा राहिलो. ते उघडले नाही. मी मागे सरून पुन्हा पुढे आलो, हात हलवले, टोपी काढली. नाही उघडले. माझ्या मागून एक कुत्रे आले आणि त्याच्यासाठी उघडले. मी त्या कुत्र्याच्या मागोमाग आत गेलो.

शाखाधिकाऱ्याने मला पाहिले आणि तो उभा राहिला. "पत्रिका वाचून आम्ही सकाळीच शिपायाहाती बाईंना सांत्वनाचं पत्र पाठवलं," तो हळू आवाजात म्हणाला. "थकबाकी वारसांकडे जाते, हे त्यात आहेच."

"मी जिवंत आहे."

"तसा दाखला आणा."

नागरिक सेवा केंद्रातल्या बाईंनी हयातीच्या दाखल्यासाठी माझे ओळखपत्र घेतले, मला पाहिले, खिडकीतून समोरच्या खांबावरच्या तशाच पत्रिकेकडे पाहिले. "आज तुम्ही जिवंत आहात हे मी लिहून देते," त्या म्हणाल्या. "गेल्या तीन वर्षांचं माझ्या अखत्यारीत नाही."

"तीन वर्षांत मी दर महिन्याला पगार घेतला आहे!"

"हे इथं बोलू नका, काका," त्यांनी आवाज खाली आणला. "ऐकलं कोणी तर वसुली लावतील."

घरी पोलिक्सेनी ते सांत्वनपत्र हातात घेऊन बसली होती. "तीन वर्षं," ती म्हणाली. "शब्दकोश आला ते तेव्हाच ना?"

"तूसुद्धा?"

"मी एवढंच म्हणते, की तेव्हापासून मला घरात कोणी आहे असं वाटलेलं नाही." मग ती म्हणाली, "स्वतःच्या श्राद्धाची सोंगं करायची, म्हणजे खर्च संताच्या माथी मारता येतो. लेआंद्रो, एवढं डोकं मला या कर्जातून सोडवण्यात घातलं असतंस तर?" आणि तिने ब्रश बॅगेत टाकला. हे तिला खरेच वाटत होते. बँकेने मला मेलेला मानले याचे मला दुःख नाही. पण तिने मला इतका हुशार मानावे, याचे झाले.

रविवारी ती बॅग घेऊनच चर्चला आली. व्होलोसकडे जाणारी बस बाराला होती आणि थांबा शेजारीच. "तुझ्या श्राद्धाला तरी यायला हवं," ती म्हणाली.

चर्च भरलेले होते. माझ्या व्याख्यानांना इतके लोक कधीच आले नाहीत. मी आत शिरताच कुजबुज थांबली आणि मधोमध वाट मोकळी झाली. मेणबत्त्यांच्या धुरात, टेबलावर मोठे तबक होते: कोलिवा, आमच्याकडे मृतांसाठी करतात ते शिजवलेले गहू, त्यांवर दाबून बसवलेली पिठीसाखर, कडेने सोललेले बदाम, आणि मधोमध चंदेरी साखरगोळ्यांत माझे पूर्ण नाव. कोणी ते फार मायेने सजवले होते. मी जवळ जाऊन पाहिले. साखरेखालून दालचिनीचा वास येत होता, आणि क्षणभर, पंडिताच्या प्रामाणिकपणे सांगतो, मला वाटले की असेल. मी गेलोही असेन. कोणाच्या लक्षात आले नसेल, माझ्या तर नाहीच.

फादर ग्रिगोरिसांनी पुस्तक उघडले, नाव वाचायला तोंड उघडले, आणि मला पाहून तसेच उघडे ठेवले.

तेवढ्यात स्तामातियाबाई आल्या. ठेवणीतला काळा पोशाख, हातात मेणबत्ती. त्या तबकाजवळ वाकल्या, अगदी नाक टेकेल इतक्या, आणि अक्षरांवरून बोट फिरवू लागल्या. पहिले अक्षर. दुसरे. मग त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ते नाव खरवडायला सुरुवात केली. साखर उडाली, चंदेरी गोळ्या फरशीवर टपटप पडून बाकांखाली गेल्या. "हे नाही त्याचं नाव! हे नाही त्याचं!"

कोणी पुढे झाले नाही. पोलिक्सेनी झाली. तिने त्यांचे मनगट धरले, त्यांना बसवले, आणि दुसरे काही मिळेना म्हणून स्वतः बॅगेवर बसली. "कोणाचं नाव, बाई?" तिने विचारले. बाराची बस गेली तेव्हा त्या बोलतच होत्या.

बँकेने कळवले आहे, की व्यवहार अन्य कोणी केले असतील तर त्या व्यक्तीचा लेखी कबुलीजबाब जोडावा. तो माझ्याकडे आहे. दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवण्याचाच माझा धंदा. पण बँकेला मी आज सकाळी वेगळे उत्तर पाठवले: तिचे म्हणणे शंभर टक्के खरे असून मी तीनही वेळा स्वतः उपस्थित होतो. ते पत्र टपालात पोलिक्सेनीने टाकले. जबाब येथे देतो, कारण बँका कथा वाचत नाहीत. स्तामातिया, प्रोद्रोमोस यांची विधवा, चर्चमध्ये बसून सर्वांदेखत म्हणाल्या:

"मीच घेतलं. किल्ली माझ्याकडेच असते. पण मास्तरांचं नाही घेतलं मी, मास्तरांनी तर माझ्यासमोर म्हटलं, माझा हक्क नाही म्हणून. मी संताचं घेतलं. त्याला विचारून घेतलं. म्हटलं, तू वापरत नाहीस, नुसतं लटकतंय. तीन दिवस रोज विचारलं. नाही म्हणाला नाही. आमच्या प्रोद्रोमोसला जाऊन तीन वर्षं झाली बाई, चाळिसाव्या दिवसाचे गहू झाले नाहीत, वर्षाचे झाले नाहीत. त्याच्या कार्डांवर सगळं आलं, टीव्ही आला, सोफा आला, त्याला पुरत होतो तेव्हासुद्धा बँकेचा फोन वाजत होता त्याच्या कोटात. गहू तेवढे राहिले. मला कोण कार्ड देणार? नंबर काय, कॉन्स्टँटिनोपल पडलं ते वर्ष दाबलं, चौदाशे त्रेपन्न, या गल्लीत सगळ्यांचा तोच असतो. मिठाईच्या दुकानातल्या मुलीला मी नाव सांगितलं होतं नीट, प्रोद्रोमोस म्हणून. तिनं मेलीनं कार्डावरचं घातलं असणार, आणि छापखान्याला तिनंच कळवलं. त्यांनी मला कागद दाखवला. मी म्हटलं, छान आहे, अक्षरं मोठी आहेत. मला काय दिसतंय? पोलिक्सेनी, तू जाऊ नकोस गं याला सोडून, यानं एक पैसा नाही घेतला, दर वेळी धावत येऊन नुसता बघत उभा असायचा घाबरून, मी मागच्या दारात फडकं धरून उभी. आणि मी पण गहू, पत्रिका, कॉफी, एवढंच घेतलं, विचारा संताला. चष्मा पण घेता आला असता मला. पण ती चोरी झाली असती."